बालकर्करोग: उपचार आणि संशोधन यांची खोटी फारकत

१५ फेब्रुवारीचा आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन आणि पुढे सप्टेंबर महिना, असे वर्षातून दोनदा लहान मुलांच्या कॅन्सरवर बोलायचे दिवस येतात. सोनेरी रिबिनी लागतात, इमारतींवर रोषणाई होते आणि पाठोपाठ तोच वाद नव्याने रंगतो. एक बाजू म्हणते, कॅन्सर संशोधनाच्या एकूण पैशातले जेमतेम चार टक्के मुलांच्या वाट्याला येतात, हा सरळ अन्याय आहे. दुसरी म्हणते, जिथे मुलं निदानाआधीच दगावतात किंवा उपचार अर्ध्यावर सोडून घरी जातात, तिथे संशोधनाचं कौतुक कशाला? तोच पैसा औषधांना द्या. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की उपचार हे एक खातं आणि संशोधन हे दुसरं. हे गृहीतकच इतिहासाला धरून नाही. मुलांच्या कॅन्सरमध्ये आजवर जे यश मिळालं, त्यातलं बहुतेक उपचार करता करता, त्याच उपचारांची परीक्षा घेत मिळालं. तेव्हा मागणी करायचीच असेल तर टक्केवारीची करू नये. प्रत्येक मुलाच्या उपचाराची नोंद ठेवणारी, दोन पद्धतींची तुलना करणारी आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा घेणारी यंत्रणा कायमची उभी राहावी, ही मागणी करावी. जनजागृतीचा रोखही सरसकट सगळ्यांवर न ठेवता आजारी मूल पहिल्यांदा ज्याच्यासमोर येतं त्याच्यावर ठेवावा.

चार टक्क्यांचा मुद्दा आधी निकालात काढू. हा आकडा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या खर्चावरून आलेला आहे आणि तो खोटा नाही. पण त्याच अमेरिकेत कॅन्सरच्या नव्या रुग्णांत मुलांचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आहे, असं कुणी उलट सांगितलं की घोषणा देणाऱ्याकडे उत्तर उरत नाही. शिवाय पेशी कशी बिघडते याचा मूलभूत अभ्यास ‘मुलांचा’ की ‘मोठ्यांचा’ असा मोजताच येत नाही. इमॅटिनिब हे औषध मोठ्यांच्या एका दीर्घकालीन ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरसाठी, घडवलं गेलं. ज्या मुलांच्या ल्युकेमियात तोच फिलाडेल्फिया गुणसूत्राचा दोष (दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल) असतो, त्यांना ते केमोबरोबर दिल्यावर तीन वर्षं रोगमुक्त राहणाऱ्यांचं प्रमाण पूर्वीच्या सुमारे ३५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २००९ साली आले. उलटा प्रवासही तितकाच खरा. आल्फ्रेड नडसन यांनी १९७१ साली रेटिनोब्लास्टोमा या बाळांच्या डोळ्यातल्या गाठीच्या आकडेवारीवरून ‘दोन आघातां’चा, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्यावरच गाठ होते असा, सिद्धांत मांडला आणि १९८६ मध्ये त्याच आजारातून गाठींना लगाम घालणारं पहिलं जनुक हाती लागलं. आज मोठ्यांच्या कॅन्सरवरचं कुठलंही पाठ्यपुस्तक त्याशिवाय पुरं होत नाही. मग तो पैसा कुणाच्या खात्यात टाकायचा? वाटा किती, या हुज्जतीतून काही निघत नाही. कुठलं काम पैशाविना अडलं आहे, हे विचारलं तर निघतं.

आता फारकतीच्या दाव्याकडे. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना पेशी वाढायला लागणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडच्या जातीची द्रव्यं देऊन पाहिली तेव्हा आजार हटण्याऐवजी भडकला. त्या अपयशातूनच फॉलिक अ‍ॅसिडला रोखणारी द्रव्यं द्यावीत ही कल्पना पुढे आली. लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या चमूने ती बनवली. १९४८ साली फार्बर यांनी १६ मुलांचा अहवाल छापला. त्यांतल्या १० जणांना उतार पडला, पण तात्पुरता. पुढच्या वीसबावीस वर्षांत मिथोट्रेक्सेट, स्टेरॉइड, मर्कॅप्टोप्युरिन, व्हिन्क्रिस्टिन, अ‍ॅस्परॅजिनेज अशी बहुतेक मुख्य औषधं डॉक्टरांच्या हातात आली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाची, म्हणजे मुलांच्या सर्वांत नेहमीच्या कॅन्सरची, दहातलं जेमतेम एखादं मूल वाचे. आज साधनसंपन्न देशांत दहातली नऊ वाचतात. आणि औषधांची यादी? बरीचशी तीच.

मग बदललं काय? क्रम बदलला, मात्रा बदलली, कुणाला किती द्यायचं हा निर्णय बदलला. रक्तातून दिलेली औषधं मेंदूच्या आवरणात पुरेशी पोचत नाहीत, तिथे रोग दडून बसतो आणि काही महिन्यांनी उलटतो, हे लक्षात आल्यावर मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी डोक्याला किरणोपचार आणि पाठीच्या कण्यातून मिथोट्रेक्सेट अशी जोड दिली. १९६० चं दशक संपता संपता निम्मी मुलं बरी होऊ लागली. मग ध्यानात आलं की त्या किरणांनी मुलांची वाढ आणि बुद्धी मार खाते. पुन्हा चाचण्या, किरण कमी, आणि अखेर बहुसंख्य मुलांसाठी किरण बंद, फक्त कण्यातली इंजेक्शनं. पुढे उपचाराच्या पहिल्या महिन्याअखेर बोन मॅरोत दहा हजारांत एखादी तरी कॅन्सरपेशी उरली आहे का, हे मोजता येऊ लागलं. ब्रिटनमधल्या ‘यूकेएएलएल २००३’ या चाचणीने दाखवलं की ज्यांच्यात ती उरत नाही अशा मुलांचा तीव्र उपचाराचा एक आख्खा टप्पा गाळला तरी निकाल बिघडत नाही. म्हणजे संशोधनाचं फळ हे की मुलाला औषध कमी मिळालं. हे काम ‘उपचार’ या खात्यातलं की ‘संशोधन’ या? त्या मुलांना दोन्ही एकाच वेळी, एकाच सलाइनमधून मिळत होतं.

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दर वर्षी सुमारे चार लाख मुलं आणि किशोरवयीन कॅन्सरने आजारी पडतात. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक वाचतात, अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. ही दरी नव्या रेणूच्या अभावाने पडलेली नाही. उशिरा निदान, चुकीचं निदान, अर्ध्यावर सोडलेले उपचार, केमोनंतर पांढऱ्या पेशी उतरल्यावर होणारा जंतुसंसर्ग आणि वेळेवर न मिळणारं रक्त, ही तिची कारणं आहेत. २०१८ साली संघटनेने २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुलं वाचावीत असं उद्दिष्ट ठेवलं, ते याच हिशोबावर. प्रयोगशाळेत आणखी एक जनुक सापडल्याने यातलं काही सुटणार नाही, हे शंभर टक्के मान्य.

पण उपचार अर्ध्यावर का सुटतात, हे तरी कुणी शोधून काढलं? ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८० नंतर बालकर्करोगाचा स्वतंत्र विभाग टप्प्याटप्प्याने उभा राहिला. ठरलेला प्रोटोकॉल (कोणतं औषध कधी आणि किती द्यायचं याचा आराखडा), प्रशिक्षित परिचारिका, कुटुंबासाठी राहण्याची सोय, प्रवासखर्च, आणि मूल तारखेला आलं नाही की त्याचा माग काढणारा माणूस. ल्युकेमियाचे उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आलं आणि पाच वर्षं रोगमुक्त राहणाऱ्यांचं ३२ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं. हे जगाला समजलं, कारण तिथे प्रत्येक मुलाची नोंद ठेवली गेली आणि २००४ साली ती छापली गेली. जिथे फक्त औषध वाटलं जातं आणि नोंद होत नाही, तिथे किती मुलं गेली, कोणत्या आठवड्यात गेली, रोगाने की संसर्गाने, हे दहा वर्षांनीही अंदाजानेच सांगावं लागतं. संशोधन नको म्हणणाऱ्यांना हा अंदाज पुरेसा वाटतो का?

एकाच गोळीचं उदाहरण घेऊ, म्हणजे बारकावा दिसेल. ल्युकेमियाचा तीव्र टप्पा संपला की दोनएक वर्षं घरी रोज मर्कॅप्टोप्युरिन द्यायचं असतं. मात्रा शरीराच्या पृष्ठभागावर ठरते: समजा दर चौरस मीटरला रोज ७५ मिलिग्रॅम. ०.६ चौरस मीटरच्या तीन वर्षांच्या मुलाला ती ४५ मिलिग्रॅम बसते, आणि गोळी मिळते ५० ची. म्हणून डॉक्टर आठवड्याचा हिशोब मांडतात: गरज ३१५ मिलिग्रॅम, तेव्हा सहा दिवस आख्खी गोळी आणि सातव्या दिवशी अर्धी, म्हणजे ३२५. हा हिशोब तोंडी सांगितला आणि कागदावर वारांचा तक्ता करून दिला नाही, की घरी तो चुकतो. कुणी रोज अर्धी देतं, कुणी सर्दी झाली म्हणून परस्पर बंद करतं. पांढऱ्या पेशी ठरावीक पट्ट्यात दबलेल्या राहायला हव्यात. त्या दबत नाहीत असं रक्ततपासणीत दिसलं की डॉक्टरांना वाटतं मात्रा कमी पडते आहे, ते वाढवतात. मग घरच्यांनी एखाद्या महिन्यात मनापासून सगळ्या गोळ्या दिल्या की पेशी एकदम कोसळतात, मूल तापाने भरती होतं आणि सगळेच त्या गोळीला बिचकू लागतात. अमेरिकेत डबीच्या झाकणात चिप बसवून ती कधी उघडली जाते हे नोंदवणारा एक अभ्यास झाला. त्यात दिसलं की वीस मात्रांमागे एकीपेक्षा जास्त चुकली की रोग उलटण्याचा धोका लक्षणीय वाढतो. ही गोळी संध्याकाळी, रिकाम्या पोटी, दुधाशिवायच द्यायची, असा दंडकही वर्षानुवर्षं होता. लहान मुलाला दूध न देता रात्री उपाशीपोटी गोळी भरवणं म्हणजे काय, हे भरवणाऱ्यालाच ठाऊक. २०१७ साली त्याच अभ्यासातल्या मुलांची नोंद तपासली तेव्हा अन्नाबरोबर किंवा दुधाबरोबर दिल्याने रोग उलटण्याचं प्रमाण वाढत नाही, असं आढळलं. एक जाचक नियम गेला. जुनी, स्वस्त गोळी कशी भरवावी हे तपासायला कोणती कंपनी पैसे घालणार होती?

याच गोळीतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ‘संशोधन श्रीमंत देश करतील, आपण फक्त वापरू’ म्हणणाऱ्यांनी ती नीट पाहावी. काही मुलांत ठरलेल्या मात्रेनेच पेशी भयंकर खाली जातात. युरोपीय वंशाच्या मुलांत याचं कारण बहुधा टीपीएमटी या जनुकात सापडे. पूर्व आशियाई मुलांत ते तिथे सापडेना. २०१४-१५ च्या सुमारास एनयूडीटी१५ हे दुसरंच जनुक पुढे आलं. त्याचे बदललेले प्रकार पूर्व आणि दक्षिण आशियात तसंच लॅटिन अमेरिकेतल्या मूळ वंशांत जास्त आढळतात. ज्या मुलात त्याच्या दोन्ही प्रती बदललेल्या असतात, त्याला नेहमीच्या मात्रेचा दहावा हिस्साही मुश्किलीने सोसतो. संशोधन फक्त एका वंशाच्या मुलांवर होत राहिलं असतं, तर बाकीच्या जगातली मुलं ‘औषध सोसत नाही’ या शेऱ्याखाली दगावत राहिली असती.

बाजार हे काम करेल का? करतो, पण उशिरा आणि निवडून. मोठ्यांवरच्या पहिल्या चाचणीनंतर मुलांवरची पहिली चाचणी सुरू व्हायला कॅन्सरच्या औषधांना सरासरी साडेसहा वर्षं लागत, असं अमेरिकेतल्या मंजुऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. न्यूरोब्लास्टोमा या लहान मुलांच्या मज्जापेशींतल्या गाठीवरची डायन्युटक्सिमॅब ही प्रतिपिंडं चाचणीसाठी बनवायला कंपनी मिळेना, तेव्हा ती अमेरिकेच्या सरकारी कर्करोग संस्थेनेच तयार केली. २०१० साली निकाल आला: दोन वर्षांनी रोगमुक्त असलेली मुलं ४६ टक्क्यांऐवजी ६६ टक्के. २०१५ मध्ये मंजुरीबरोबर कंपनीला बक्षीस म्हणून त्वरित तपासणीचं व्हाउचर (दुसऱ्या एखाद्या औषधाचा अर्ज लवकर तपासून घेण्याचा हक्क) मिळालं, ते तिने ३५ कोटी डॉलरना विकलं. कायद्याच्या बडग्याने थोडा फरक पडतो. २०२० पासून लागू झालेल्या अमेरिकी तरतुदीनुसार मोठ्यांच्या कॅन्सरवरचं औषध ज्या रेणूवर काम करतं, तो मुलांच्या कॅन्सरमध्येही महत्त्वाचा असेल तर कंपनीला मुलांवरही अभ्यास करावा लागतो. पूर्वी ‘मुलांना स्तनाचा कॅन्सर होत नाही’ एवढं म्हणून सुटता येई. जुन्या औषधांची तऱ्हा वेगळीच. व्हिन्क्रिस्टिनशिवाय मुलांचा क्वचितच एखादा प्रोटोकॉल चालतो, आणि २०१९ साली अमेरिकेत दोनांतल्या एका उत्पादकाने हात काढून घेतल्यावर तिथल्या रुग्णालयांना ते मोजूनमापून वापरावं लागलं.

निधी उभारणीच्या इतिहासाकडे वळू. १९३८ साली अमेरिकेत पोलिओसाठी जी संस्था निघाली, तिने लोकांकडून दहा-दहा सेंटची नाणी मागितली. त्या पैशातला मोठा भाग आजारी मुलांच्या देखभालीवर खर्च झाला, आणि त्याच संस्थेच्या पैशावर १९५४ ची सॉल्क लशीची अठरा लाख मुलांची चाचणी उभी राहिली. ‘आधी काय’ हा वाद घालत ती बसली नाही. अर्थात ही तुलना ताणायची नाही. पोलिओ हा एकच आजार, त्याच्या विषाणूचे प्रकार तीनच, आणि तिन्हींवर एकच लस चाले. बालकर्करोग म्हणजे डझनावारी वेगवेगळे आजार, आणि बहुतेकांना प्रतिबंधाचा उपायच नाही. दुसरं उदाहरण १९४८ च्या ‘जिमी फंड’चं. रेडिओवर एका आजारी मुलाला ऐकवलं गेलं आणि दोन लाखांहून अधिक डॉलर जमले. ते त्या एका मुलाच्या बिलात गेले नाहीत, फार्बर यांच्या दवाखान्यात आणि प्रयोगशाळेत गेले. आज एकेका मुलाच्या फोटोवर ऑनलाइन पैसे मागितले जातात तेव्हा नेमका हा दुवा तुटलेला असतो. चेहऱ्याने पैसा येतो, त्याला हरकत नाही. पण पैसा त्या चेहऱ्यापाशीच संपला तर पुढच्या मुलासाठी पुन्हा शून्यातून सुरुवात.

रिबिनींना नावं ठेवणाऱ्यांनी २०१४ चं बर्फाच्या बादल्यांचं आव्हान आठवावं. डोक्यावर गार पाणी ओतून घेण्याच्या त्या चाळ्याने एएलएस या मज्जातंतूंच्या आजारासाठी एका संस्थेकडे ११ कोटी ५० लाख डॉलर आले. दोन वर्षांत नव्या जनुकाचा शोध लागला. त्याच पैशाची मदत झालेलं एक औषध २०२२ मध्ये मंजूर झालं, मोठ्या चाचणीत फोल ठरलं आणि २०२४ मध्ये मागे घेतलं गेलं. काहींना हा पैसा वाया गेलासा वाटतो. मला उलट वाटतं: फोल औषध फोल आहे हे ठरवणारी चाचणी पूर्ण झाली, म्हणजे पैसा कामी आला. लाट मात्र एकदाच येते, आणि मुलांच्या चाचण्या लांबलचक असतात. सिस्प्लॅटिन या औषधाने मुलांची श्रवणशक्ती जाते. ते दिल्यानंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलं तर बहिरेपण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर येतं, हे यकृताच्या गाठीच्या मुलांवर सिद्ध झालं. आजार इतका विरळा की अनेक देश मिळूनही तुलनेसाठी १०९ मुलं जमायला सात वर्षं गेली. निष्कर्ष २०१८ साली छापला गेला. दोन-तीन वर्षांच्या देणगीवर असं काम अर्ध्यात बंद पडतं. त्यात खर्च होतो तो नोंदी ठेवणाऱ्याच्या पगारावर, गाठीचा तुकडा लगेच गोठवून ठेवणाऱ्या फ्रीझरवर, ऐकण्याची चाचणी साडेतीन वर्षांच्या वयात पुन्हा करण्यासाठी मुलाला परत बोलावण्यावर. यातल्या कशाचाही फोटो चांगला येत नाही.

जनजागृतीबद्दल एक सावधगिरी. ‘लवकर ओळखा’ हे वाक्य मोठ्यांच्या कॅन्सरवरून मुलांवर जसंच्या तसं लावता येत नाही. जपानने १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सहा महिन्यांच्या बाळांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा शोधायची देशव्यापी मोहीम चालवली. रुग्ण भरपूर सापडले, कारण बाळांमधल्या अशा कित्येक गाठी आपोआप विरतात आणि त्याही पकडल्या गेल्या. २००२ साली कॅनडा आणि जर्मनीतले निष्कर्ष आले की अशा तपासणीने मृत्यू घटत नाहीत. मग जपाननेही ती थांबवली. त्या दरम्यान कित्येक बाळांना गरज नसताना शस्त्रक्रिया आणि केमो झाली. उलट ब्रिटनमध्ये २०११ साली मेंदूच्या गाठींची वयानुसार लक्षणं छापलेलं छोटं कार्ड डॉक्टर आणि पालकांपर्यंत नेलं गेलं, तेव्हा लक्षण दिसल्यापासून निदानापर्यंतचा मधला काळ दोन वर्षांत ९.१ आठवड्यांवरून ६.७ वर आला. फरक रोखाचा आहे. फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, रोज सकाळी डोकेदुखीबरोबर उलटी, पोटात हाताला लागणारा गोळा, पांढरेफटकपणा आणि अंगावर निळे डाग, रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं: एवढं पहिल्या डॉक्टरच्या टेबलावर असलं तरी पुष्कळ. त्यात एक ओळ ठळक हवी: सांधेदुखी समजून स्टेरॉइड सुरू करण्याआधी रक्ताची फिल्म (काचेवर पसरलेला थेंब) सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. स्टेरॉइडने ल्युकेमियाही काही दिवस दबतो, मूल बरं झाल्यासारखं दिसतं, निदान लांबतं आणि पुढे ते मूल कोणत्या जोखमीच्या गटात घालायचं याचा हिशोबही चुकतो.

राहता राहिला वाचलेल्या मुलांचा प्रश्न, जो दोन्ही बाजूंच्या भांडणात कुणाच्याच तोंडी नसतो. २००६ साली अमेरिकेत लहानपणी कॅन्सरमधून वाचलेल्या दहा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी छापली गेली. ६२ टक्क्यांना किमान एक जुनाट आजार होता, चौथाईहून अधिक जणांना गंभीर स्वरूपाचा. डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा दर चौरस मीटरला २५० मिलिग्रॅमवर गेली की हृदय निकामी होण्याचा धोका स्पष्ट वाढतो, आणि त्याची लक्षणं वीस वर्षांनीही दिसू शकतात. तेव्हा समोरच्या डॉक्टरला हे कळणार कसं? उपचार संपताना पालकांच्या हातात एक पान द्यायचं असतं: आजाराचं पूर्ण नाव, प्रत्येक औषधाची एकूण मात्रा, किरण कुठे आणि किती दिले, कोणती तपासणी किती वर्षांनी करायची. अनेक ठिकाणी हे पान भरलंच जात नाही, कारण ते भरणं हे कुणाच्याच कामात धरलेलं नसतं. बालकर्करोगासाठी पैसा देणाऱ्या संस्थांनी प्रत्येक मुलामागचा शेवटचा हप्ता हे पान आणि नोंदवहीतली नोंद हातात पडल्यावरच सोडावा, आणि ते भरणाऱ्याचा पगारही त्याच निधीतून द्यावा.